न घसरणारी नळी

२ ऑक्टोबर

लायब्ररीतलं रेडिएशनवरचं तिसरं पुस्तक संपलं. लिहिणारे तीन डॉक्टर, आणि तिघांत मिळून एक सरळ वाक्य नाही. मला तरीही सगळं समजलं. त्यांना समजलंय का, शंका आहे.

मुद्दा साधा आहे. माझ्या नवऱ्याच्या, ऑर्व्हिलच्या, श्वासनळीत गाठ होती. नाकातून एक बारीक प्लास्टिकची नळी आत सोडायची, गाठीपर्यंत न्यायची. मग मशीन त्या नळीतून एक तार आत ढकलतं. तारेच्या टोकाला तांदळाच्या दाण्याएवढा किरणोत्सारी कण. तो गाठीपाशी काही मिनिटं थांबतो, तिला भाजून काढतो, परत येतो. पहिल्या वेळी नीट झालं. दुसऱ्या वेळी तार जाण्याआधीच नळी घसरली. खोकला आला म्हणे. त्या दिवशीचा उपचार रद्द, पुढच्या आठवड्यात या. तो आठवडा वाया गेला आणि मार्चमध्ये ऑर्व्हिल गेला.

आमच्या गावचा प्लंबर बेसिनखाली नळी लावतो ती वीस वर्षं हलत नाही. आणि तो प्लंबर दुपारीच बिअर प्यायलेला असतो.

निश्चय: न घसरणारी नळी मी स्वतः करणार. ख्रिसमसच्या आत.

४ ऑक्टोबर

नळ्या करणाऱ्या कंपनीतून फोन. हॉस्पिटलने माझं नाव दिलं. पेशंटच्या घरच्यांची बैठक आहे, एक नोव्हेंबरला, मिनिआपोलिसजवळ त्यांच्या ऑफिसात, तुमचं मत हवंय. म्हणजे अडले आहेत. मला आश्चर्य वाटलं नाही.

आर्डिसला सांगितलं. ही ऑर्व्हिलची बहीण, रस्त्यापलीकडे राहते. शाळेची बस चालवायची, त्यामुळे आपल्याशिवाय जगाला रस्ता सापडत नाही अशी तिची समजूत. मला हायवेवर गाडी चालवायला आवडत नाही, म्हणून तिची गरज पडते. तेवढीच. ती म्हणाली, अगं, ते जेवायला घालतात, चार प्रश्न विचारतात आणि घरी पाठवतात, बाकी काही नसतं. म्हटलं, तुला बोलावलंय का? नाही ना? मग.

९ ऑक्टोबर

सापडलं!

सकाळची कॉफी. समोर भिंतीवर आमचा जुना फोन. ऑर्व्हिल मोबाइलला हात लावत नसे, म्हणून तो अजून आहे. त्याची ती वेटोळ्यांची वायर. ओढली की लांब, सोडली की गोळा. सरळ नळी घसरणार नाही तर काय होणार? गाठीपाशी येणाऱ्या भागाला अशी वेटोळी द्यायची. आत ताठ तार घालून नळी सरळ करायची, नाकातून आत न्यायची, ताठ तार काढून घ्यायची. वेटोळी फुलतील आणि श्वासनळीच्या भिंतींना घट्ट धरून बसतील. खोकू दे मग हवं तेवढं.

इतकं सोपं आहे की लाज वाटली. त्यांच्यासाठी.

१४ ऑक्टोबर

पाळीव प्राण्यांच्या दुकानातून माशांच्या टाकीची हवेची नळी आणली. दुकानदाराने विचारलं, मासा कोणता आहे तुमच्याकडे? म्हटलं, मासा नाही, नवरा. त्याने सुटे पैसे मोजून दिले. लोकांना उत्सुकता म्हणून नाही.

१६ ऑक्टोबर

उकळत्या पाण्यात: वेटोळी बसली, गार झाल्यावर सुटली. ओव्हनमध्ये: ओव्हनलाच बसली. ओव्हन साफ करणं हे ऑर्व्हिलचं काम होतं. दिवसभर खिडक्या उघड्या ठेवून कोट घालून बसले.

दोष माझ्या कल्पनेत नाही, आचेत आहे. चर्चचे लेफ्से, म्हणजे बटाट्याच्या पातळ पोळ्या, भाजायचे दोन मोठे विजेचे तवे वर्षभर माझ्या तळघरात असतात, कारण बाकीच्या बायकांवर विश्वास टाकता येत नाही. कडेपर्यंत सारखी आच. नळी पेन्सिलीला गुंडाळायची आणि तव्यावर हळूहळू फिरवायची. नंतर पुसून ठेवीन. कुणाला कळायचं कारण नाही.

२४ ऑक्टोबर

जमली. किती बिघडल्या ते लिहीत नाही.

चाचणीही घेतली. श्वासनळी म्हणून व्हॅक्यूम क्लीनरचा पाइप. खोकला म्हणून ऑर्व्हिलचा पानं उडवायचा ब्लोअर. पूर्ण जोरात. पाइप हातातून सुटून फ्रीजवर आपटला, मीठ-मिरी खाली, पडदा वर. पण नळी पाइपात होती तिथेच!

आवाज ऐकून आर्डिस आली. दारात उभी राहून बघत राहिली. म्हणाली, लाव्हॉन, पानं बाहेर आहेत. विज्ञान हे असल्या लोकांना समजावत बसण्यात अर्थ नाही. जाताना विचारलं, जेवलीस का? जेवले होते. खिमा-बटाट्याची हॉटडिश अजून दोघांपुरती करते, त्यामुळे जेवण घरात असतंच.

१ नोव्हेंबर

बैठक. आम्ही सहा जण. टर्कीचं सँडविच, कोरडं. पहिला तासभर माहितीपत्रकावर चर्चा: अक्षर मोठं हवं का, चित्रातला माणूस हसरा हवा का. चित्रातला माणूस नाकात नळी घालून हसत होता. मी विचारलं, हा वेडा आहे का? एक बाई हसली. बाकीच्यांनी सँडविचकडे पाहिलं.

मग मी माझी नळी टेबलावर ठेवली. 

त्यांची मुख्य इंजिनिअर कोण, तर मिस शियाँग, तिशीतली मुलगी, पायात पळायचे बूट. तिने नळी उलटसुलट करून पाहिली. विचारलं, ही आत असताना श्वास कुठून घ्यायचा? म्हटलं, वेटोळ्यांच्या मधून, बाई, डोनटला मधे भोक असतं ना? तिने नळी परत टेबलावर ठेवली. मग म्हणाली, वेगळंच आहे हं. आणि मी लिफ्टपर्यंत बरोबर गेले तेव्हा म्हणाली, बरं, तेरा तारखेला या, मशीनवर लावून बघू.

गाडीत आर्डिसला सांगितलं. ती म्हणाली, 'वेगळंच आहे हं' असं आपण कधी म्हणतो? मी म्हटलं, मला माहीत आहे कधी म्हणतो, समोरच्याचा पदार्थ घशाखाली उतरत नसला की म्हणतो. पण ती हमोंग घरातली, लाओसहून आलेल्या लोकांतली मुलगी आहे, तिला आपली ही खोड कुठून असणार? ती खरंच म्हणाली असणार. आर्डिस म्हणाली, अगं बाई, ती सेंट पॉलला जन्मली, इथल्याच शाळेत शिकली, तुझ्या-माझ्याइतकीच मिनेसोटाची आहे ती.

मत्सर माणसाला कुठल्या थराला नेतो!

८ नोव्हेंबर

चर्चच्या तळघरात लेफ्सेचा दिवस. पहाटेपासून बटाटे कुस्करणं, लाटणं, भाजणं. विक्रीचा सगळा माल आजच होतो. पहिला घाणा निघाला आणि तळघरात तापलेल्या प्लास्टिकसारखा वास सुटला. पास्टर हौसेने आले, लोणी-साखर लावून एक गुंडाळी खाल्ली, गिळली, आणि म्हणाले, वेगळीच आहे हं.

सगळं फेकलं. मी म्हटलं, बटाटे खराब असतील. बटाटे आर्डिसने आणले होते. तिने जाऊन तव्याला नाक लावलं, माझ्याकडे पाहिलं, आणि एक शब्द बोलली नाही. तिचा हा स्वभाव मला कधीच आवडला नाही. ऑर्व्हिलचाही असाच होता, पण त्याला शोभायचा.

एका वर्षाच्या लेफ्सेपेक्षा श्वासनळी महत्त्वाची. हे यांना पुढे कळेल.

१३ नोव्हेंबर

मशीन फ्रीजएवढं. समोर पारदर्शक प्लास्टिकची श्वासनळी, तिच्यात माझी नळी. दिसत होती छान. मिस शियाँग म्हणाली, मिसेस टॉलेफसन, आज खरा कण नाही, नुसती रिकामी तार. उपचारातही मशीन आधी रिकामी तार पाठवतं, वाट मोकळी आहे ना ते बघायला. मग कणाची. मला हे माहीत होतं. तिसऱ्या पुस्तकात आहे.

तार निघाली. पहिल्या वेटोळ्यात शिरली. दुसऱ्यात अडली. मशीन किरकिरलं आणि तार मागे घेतली. पुन्हा केलं, पुन्हा तेच. ती म्हणाली, तार धातूची आहे, इतक्या तंग वळणातून जात नाही. पेशंटच्या छातीत असं झालं तर त्या दिवशी उपचारच होत नाही. मी म्हटलं, वेटोळी सैल करते. ती म्हणाली, मग ती भिंतीला धरणार नाहीत. मी म्हटलं, तुमची तार बदला. ती म्हणाली, करतोय, माझ्या आधीचेही करत होते.

मग तिने खुर्ची ओढली आणि विचारलं, तुमच्या मिस्टरांची नळी किती सरकली होती? म्हटलं, सरकली काय, पूर्ण बाहेर आली. तिने विचारलं, नाकाशी चिकटपट्टी लावली नव्हती का? मला काय माहीत, म्हटलं, मी बाहेर होते. ती म्हणाली, पट्टी असताना खोकल्याने थोडी सरकते, पूर्ण बाहेर आलेली मी तरी ऐकली नाही.

कंपनीचा पगार खाणारी. ती दुसरं काय म्हणणार?

१४ नोव्हेंबर

कालच्या अपयशाची कारणं. त्यांचं मशीन जुनं. तार जाड.  शिवाय मला बघून ती घाबरली.

निश्चय: रविवारी चर्चनंतर कॉफीच्या वेळी सगळ्यांसमोर उभी राहणार आणि सांगणार, की ऑर्व्हिल गाठीने गेला नाही, यांच्या नळीने गेला, आणि यांना ते माहीत आहे. पास्टरनाही ऐकू दे.

आर्डिसला फोन करून सांगितलं. ती म्हणाली, नको करूस. म्हटलं, तुझा सख्खा भाऊ होता, तुला काहीच कसं वाटत नाही? तिने फोन ठेवला.

१७ नोव्हेंबर, रविवार

चर्चच्या आधी आर्डिस आली. कोट काढला नाही, बसली नाही. म्हणाली, मी उभ्यानेच सांगते, बसले तर सांगणार नाही.

त्या दिवशी आत ऑर्व्हिलजवळ ती होती. मी बाहेर बाकावर पुस्तक घेऊन शेजारच्या बाईला किरण म्हणजे काय ते समजावत होते. नळी बसवून झाली होती, पट्टी लावलेली होती, मशीनच्या खोलीत न्यायला कुणी यायचं होतं. ऑर्व्हिलने पट्टी सोलली, नळी धरली आणि बाहेर ओढली. नर्स धावत आली तर म्हणाला, खोकला आला. ती गेल्यावर आर्डिसला म्हणाला, लाव्हॉनला सांग घसरली. मी ओढली कळलं तर ती आणखी एक पुस्तक आणेल.

मी विचारलं, का ओढली?

आर्डिस म्हणाली, घरी जायचं होतं गं त्याला. दमला होता.

मी म्हटलं, खोटं आहे. दमला होता तर पुढच्या आठवड्यात परत का गेला?

ती म्हणाली, तू कोट घालून दारात उभी होतीस ना.

चर्चला दोघीही गेलो नाही. तिने हॉटडिश गरम केली. माणसं दोन होती, बरोबर पुरली.

१८ नोव्हेंबर

त्यांच्या नळीत दोष नव्हता.

माझी नळी असती तरी त्याने ओढलीच असती, आणि तीही बाहेर आलीच असती. वेटोळ्यांमुळे त्याला जास्त लागलं असतं, एवढंच.