अज्ञात इसमाचा ‘च’

९ मार्च, सोमवार. सकाळी ८.१०

दादाचा मेसेज. दोन वर्षांतला पहिला. रविवारी बावीसला गाडी न्यायला येतो, पार्किंग मिळालं, जेवायला थांबणार नाही. शेवटचं वाक्य वाचून टीव्हीचा रिमोट भिंतीवर आपटला. रागाने नव्हे. हातात होता म्हणून.

गाडी वडिलांची. काळी. वडील जाताना दादाच्या नावावर करून गेले, कारण दादा थोरला आणि शांत. शांत मीही आहे, पण लोक तशी संधीच देत नाहीत. कागद वाचले त्या दिवशी आमची चर्चा झाली आणि चर्चेत दादाचा एक दात पडला. सुजलेला गाल घेऊन तो त्याच्या घरी निघून गेला. जाताना म्हणाला, सध्या गाडी तूच ठेव, माझ्याकडे लावायला जागा नाही. तेव्हापासून बोलणं बंद.

संकल्प. एक: गाडी अशी लखलखीत करायची की दादा बघतच राहील आणि जेवायला थांबेल. दोन: माफी मागायची नाही. गाडीच काय ते बोलेल. तीन: बावीसपर्यंत कोणावरही हात उचलायचा नाही. रोज आकडा लिहायचा.

आजचे प्रहार: शून्य. (रिमोट माणूस नाही.)

१० मार्च, मंगळवार

क्ले आणला. डांबराचे ठिपके, लोखंडाची पूड, झाडाचा चीक, असला जो कचरा धुऊनही रंगावरून हलत नाही, तो हा ओढून काढतो. दिसायला कणकेचा गोळा. दुकानदार म्हणाला, भरपूर स्प्रे मारा आणि हलक्या हाताने फिरवा. जमिनीवर पडला तर फेकून द्या, खडे चिकटतात आणि रंग ओरबाडतात. जुनं मेणही याने निघतं, तेव्हा शेवटी नवं चढवा. पण साहेब, हलक्या हाताने. साहेब, हलक्या हाताने हं.

तिसऱ्यांदा म्हणाला तेव्हा मी त्याची कॉलर धरून विचारलं की माझा हात तुला जड दिसतो का. नाही म्हणाला. घाबरट माणूस.

बायको गोळा बघून म्हणाली, पंचवीस वर्षांत कणकेला हात लावला नाहीत, आता मळा. दुर्लक्ष केलं.

शून्य. कॉलर म्हणजे कापड.

१२ मार्च, गुरुवार. दुपारी ३.३०

ऑफिसातून लवकर आलो. साहेबांनीच पाठवलं. माझ्या हातून स्टेपलर निसटला आणि आठ फुटांवरच्या प्रिंटरची काच फुटली. असल्या काचा का लावतात?

गाडी धुतली. डावं मागचं दार जपून. दादा गेला त्याच्या दुसऱ्या दिवशी कोणा अज्ञात इसमाने तिथे किल्लीने दोन अक्षरं खरडली होती. अशा लोकांचे हात तोडले पाहिजेत. गॅरेजवाल्याने वर काळं मेण भरून ती बुजवली. दादाला काही माहीत नाही. विषय संपला.

बादली पायात आली. लाथ घातली. अंगठ्याचं नख काळंनिळं, बादलीला ढिम्म काही नाही. सुरुवात बादलीने केली होती.

शून्य.

१४ मार्च, शनिवार. सकाळी ७

आज शास्त्रशुद्ध काम. पातळ प्लास्टिकची पिशवी हातात चढवून रंगावरून हात फिरवायचा असतो. उघड्या हाताला जी खरखर कळत नाही ती पिशवीतल्या हाताला कळते. फिरवला. बॉनेट म्हणजे सँडपेपर! डोळ्यांना इतकी वर्षं गुळगुळीत दिसत होतं. बायकोने माझ्याकडून पिशवी घेतली, स्वतःच्या हातात घातली आणि माझ्या गालावरून फिरवली. म्हणाली, इथेही बरंच काम आहे. मी दाढी केली नव्हती, एवढंच.

क्लेचा अर्धा गोळा तोडून घेतला, अर्धा ठेवून दिला. दोन तास बॉनेट. गोळा काळा होतो, दुमडायचा, आतली स्वच्छ बाजू घ्यायची, परत स्प्रे. शेवटी पिशवीतला हात फिरवला तर काही म्हणजे काही लागेना. भरून आलं. दर रविवारी वडील इथेच उभे राहून फडका मारायचे. बॉनेट दादाला द्यायचे आणि मला टायर. आज बॉनेट मी केलं.

शून्य. खराखुरा.

१५ मार्च, रविवार

टप केला. उजवी दारं केली. तेवढ्यात शेजारच्या जागेत गाडी लावणारा डेंटिस्ट आला. (दादाचा नवा दात यानेच बसवला.) त्याने दार उघडलं आणि ते माझ्या स्वच्छ दाराला टेकलं. मी अत्यंत सभ्यपणे विचारलं की डोळे फुटले का. तो म्हणाला, भाऊ येणार आहे असं ऐकलं, मी क्लिनिक उघडं ठेवू का. त्यावर मी त्याच्या गाडीचा आरसा जरा सरळ करायला गेलो. आरसा हातात आला. त्याने माझी बादली माझ्या डोक्यावर उपडी केली. मी ओला स्पंज त्याच्या तोंडावर हाणला. मग त्याने माझी मान धरली आणि मी त्याचा टाय. रविवारी टाय घालणारा माणूस सरळ असूच शकत नाही. आमच्या दोघांच्या बायकांनी सोडवलं. सोडवताना दोघी एकमेकींना घरची खुशाली विचारत होत्या.

झटापटीत गोळा जमिनीवर पडला. नियमाने फेकायला हवा. उचलून डबीत ठेवला. कधी काय उपयोगी पडेल सांगता येत नाही.

स्पंज मऊ असतो. शून्य.

१८ मार्च, बुधवार. संध्याकाळी ६

गोळ्याचा दुसरा अर्धा भाग घेऊन डावी बाजू. पुढचं दार अप्रतिम. मागच्या दारावर गोळा छान सरकत होता. मग एक रेघ दिसली. मग दुसरी. गोळ्याला काळं काळं लागत होतं. मेण.

दुकानदाराने सांगितलं होतं. पण एकदाच! हलका हात तीनदा आणि मेण एकदा? उद्या जाऊन त्याला बघतो.

पाच मिनिटांत दारावर स्वच्छ, ठसठशीत: चोर.

बायको खाली येऊन बघून गेली. म्हणाली, अज्ञात इसमाचं अक्षर ओळखीचं वाटतंय. मी दाराला ठोसा मारला. दाराला पोचा आला, हात सुजला.

गाडी घरचीच आहे. शून्य.

१९ मार्च, गुरुवार

गॅरेजवाल्याकडे गेलो. तो शटर अर्धं खाली ओढून आतून बोलला. मागच्या वेळी मी फेकलेला पाना अजून पाठीत दुखतो म्हणे, माझं काम करणार नाही. शटरवर चार लाथा घातल्या. शटर लोखंडी.

बुटाचं काळं पॉलिश फासलं. अक्षरं चमकायला लागली.

मग सुचलं. डबीतला जमिनीवर पडलेला गोळा! त्यात खडे आहेत, म्हणजे खरडून काढायला उत्तमच. हलका हात वगैरे सोडला आणि सगळा जीव लावून घासला. पोच्याभोवतीचा रंग सगळा पांढुरका झाला. अक्षरं तशीच. उलट आता ती चौकटीत बसवल्यासारखी दिसतात.

गोळा भिंतीवर मारला. तिथे चिकटला. अजून आहे.

२१ मार्च, शनिवार

डोकं शांत ठेवलं की मार्ग सापडतो. गाडी डाव्या बाजूने भिंतीला खेटून लावली. मध्ये फक्त हात जाईल एवढी फट. कोणाचा बाप डोकावू शकत नाही. दादाला आधी बॉनेट दाखवायचं, मग जेवायला बसवायचं. जेवण झालं, ढेकर दिला, की गाडीवरून कोण भांडतं?

बायकोला दादाच्या आवडीचं सगळं करायला सांगितलं. ती म्हणाली, करते, पण तुम्ही एक शब्द बोला त्याच्याशी, सॉरी म्हणा, जीभ झडणार नाही. म्हटलं, गाडी बोलेल.

आठवड्याची बेरीज: शून्य.

२२ मार्च, रविवार

दादा अकराला आला. केस पिकले. नवा दात बाकीच्यांपेक्षा पांढरा आहे. मी नमस्कार केला, त्याने मान हलवली.

बॉनेट बघून थांबला. बराच वेळ थांबला. मला राहवेना. खिशातून पिशवी काढली आणि म्हटलं, दादा, ही हातात घालून फिरवून बघ, खडा लागला तर नाव बदलीन. त्याने पिशवी चढवली. बॉनेटवरून हात फिरवला आणि हसला. म्हणाला, बाबांना कधी जमलं नाही रे असं. वरून बायको विचारत होती, ताटं घेऊ का. दादा म्हणाला, घे.

घे म्हणाला! जेवायला थांबणार होता!

हात फिरवत फिरवत तो टपावरून मागे गेला. डिकीवरून डावीकडे. म्हटलं, चल, जेवण गार होईल. तो म्हणाला, आलोच, आणि फटीत हात घातला.

हात थांबला. एकदा सावकाश फिरला, पुन्हा फिरला. डोळ्यांनी काही दिसत नव्हतं, पण पिशवीतल्या बोटांनी तो अक्षरं गिरवत होता. हे काय आहे, त्याने विचारलं. मी म्हटलं, कोणी तरी अज्ञात इसम.

दादा म्हणाला, अज्ञात इसमाचा च पोटात फुगलाय. लहानपणी च असा आला की बाबा तुझ्या बोटांवर पट्टी मारायचे, म्हणून मी तुझं बोट धरून पाटीवर गिरवून घ्यायचो. तरी तुझा फुगलाच.

मी जबडा पुढे केला. वाटलं, आता एक ठेवून देईल, दाताला दात होईल, मग दोघं वर जाऊन जेवू. मारलं असतं तर किती बरं झालं असतं. त्याने पिशवी काढली, घडी घातली आणि माझ्या खिशात ठेवली. गाडीचे कागद बॉनेटवर ठेवले. म्हणाला, गाडी तुलाच राहू दे. नाव घालून ठेवलंच आहेस.

चालत बस स्टॉपकडे गेला. तीन ताटं वाढलेली होती. बायकोने एक झाकून ठेवलं, संध्याकाळपर्यंत.

२३ मार्च, सोमवार

गाडी माझी झाली. म्हणजे शेवटी न्याय झाला.

ऑफिसला बसने गेलो. गाडी बाहेर काढली तर डावी बाजू दिसते.

आजचे प्रहार: शून्य. समोर कोणी आलंच नाही. डेंटिस्ट आला होता, पण त्याने नुसतंच विचारलं की भाऊ जेवून गेला ना.

दादा फोन उचलत नाही. म्हणून कागद घेतला. ‘दादा, माझी चूक झाली’ एवढंच लिहायचं. च पोटात फुगला. फाडला. दुसरा घेतला, फुगला. अकरा कागद झाले. बायको म्हणाली, फुगू दे, तसाच पाठवा, कोणाचा आहे ते तरी त्याला कळेल.

उद्या बघू. ‘गैरसमज’ हा शब्द बरा आहे. त्यात च नाही.