अवलंबी चल, म्हणजे नूतन

२ जून, पहाटे ५.४०
पाचला उठायचं ठरलं होतं. गजर वाजला, पण मी चिंतनात होतो. देसाई मॅडमचं, म्हणजे माझ्या गाइडचं, शेवटचं पत्र आलंय. ३० जूनपर्यंत गृहीतक आणि चलं स्पष्ट करून आराखडा द्या, नाहीतर पीएचडीचं रजिस्ट्रेशन रद्द. सहा वर्षं झाली, ही तिसरी मुदतवाढ. इकडे गोडादऱ्यातली आमची गल्ली मला आत्तापासूनच डॉक्टर म्हणते. परवा शेजारचा दगा गुडघा दाखवायला आला होता. रद्द झालं तर गल्लीत तोंड दाखवायला जागा नाही. पण होणार नाही.
संकल्प: रोज पाचला उठणे. रोज दोन पानं.

३ जून
गृहीतक एका फटक्यात तयार. 'घरातला शिकलेला पुरुष ज्याला मत देतो, त्यालाच घरातली बाई मत देते.' पुरुषाचं मत हे स्वतंत्र चल. बाईचं मत हे अवलंबी चल, पहिल्यावर अवलंबून. थोडक्यात मी आणि बायको नूतन.
पुस्तकात लिहिलंय, गृहीतक खोटं ठरण्याची सोय असली पाहिजे. ती ओळ पेन्सिलीने खोडली. माझं खोटं ठरणारच नाही.
पुरावा घरातच आहे. मागच्या कॉर्पोरेशनच्या निवडणुकीत मी कुंदनभाईला मत देणार होतो. नूतन म्हणाली, बरोबर आहे, त्या भगवानभाईला देऊच नका, तुमच्यासारख्या शिकलेल्या माणसाच्या कामाचा नाही तो. बायकांना राजकारण कळत नाही. मी तिला अर्धा तास भगवानभाईचे गुण समजावले. शेवटी पटलं तिला. दोघांनी भगवानभाईला दिलं.

६ जून
उठलो ७.२०. मिलमधल्या कालच्या पाळीचा परिणाम. परिणाम हेसुद्धा अवलंबी चलच, म्हणजे हा अभ्यासच झाला.
आईला विषय समजावायला घेतला. म्हटलं, आई, हे एक चल. आई उठली, चपला घातल्या, दारात उभी राहिली. "कोठे जानं शे?" बसवलं. म्हटलं, अगं हे स्वतंत्र चल. पुन्हा उठली. तिसऱ्यांदा नूतनच म्हणाली, राहू द्या, त्यांचे गुडघे दुखतात.
दोन पानांपैकी शून्य. उद्या चार.

१० जून
मॅडमना भेटलो. आराखडा वाचून गुजरातीत म्हणाल्या, "गजेंद्रभाई, आ तो खोटुं पडी ज नथी शकतुं." म्हणजे हे खोटं ठरूच शकत नाही. मी थँक्यू म्हणालो. ते कौतुक नव्हतं म्हणे.
मग विचारलं, कोणाचा परिणाम कोणावर होतो, याची दिशा तपासली का. मी वहीतला बाण दाखवला, पुरुषाकडून बाईकडे. स्केचपेनने काढलेला आहे, टोकही ठसठशीत. मॅडमनी चष्मा काढून डोळे चोळले. त्यांचं वय झालंय.

१५ जून, रविवार
फील्डवर्क. चाळीस घरं. पुरुष बाहेर बसलेला, बाई दारात. प्रश्न: तुमची बायको तुम्ही सांगाल त्यालाच मत देते का? चाळीसपैकी चाळीस हो. दगा तर म्हणाला, "मनी बायको मना शबदना भाईर नही." तेवढ्यात आतून नळ आल्याची हाक आली, तर फॉर्म अर्धा टाकून बादली घेऊन पळाला. पाण्याचा आणि राजकारणाचा संबंध नाही, म्हणून नोंद केली नाही.
शंभर टक्के. एवढा निकाल आख्ख्या राज्यशास्त्रात कोणाला आला नसेल.

१७ जून
मॅडमचं म्हणणं, बायकांना एकट्यात विचारा. मी एकट्यात विचारलं तर गल्ली मला बडवेल. नूतनकडे दुपारी साड्यांना टिकी, म्हणजे चमकणाऱ्या टिकल्या, लावायला बायका बसतात. तिलाच फॉर्म दिले. स्त्री-सक्षमीकरण.

२३ जून
नूतनने फॉर्मवर नावंच ठेवली नाहीत. घड्या घालून बिस्किटाच्या डब्यात टाकायला लावले. पद्धतशास्त्र तिला माहीत नाही.
चाळीसपैकी एकतीस बायकांनी घरी सांगितलं एक, मत दिलं दुसरं. आईनेही फॉर्म भरला होता. विचारलं तर शांतपणे म्हणाली, "तुना बापले मी कधी सांगं नही." बाबा जाऊन नऊ वर्षं झाली. मला त्यांच्यासाठी फार वाईट वाटलं.
पण आमच्या घरात असं नाही. गृहीतक टिकून आहे.

२६ जून, सकाळी
डब्याच्या तळाशी एक्केचाळिसावा फॉर्म निघाला. नूतनने मला न विचारता सगळ्या फॉर्मखाली एक जादा प्रश्न घातला होता: घरवाला तुमच्या मनासारखं मत देतो का? यात उत्तर होतं, 'तीन निवडणुकांपासून. मला जो हवा असेल त्याला आदल्या दिवशी नावं ठेवते. मग अर्धा तास मलाच त्याचे गुण सांगतात. ऐकून घेते.'
पोट धरून हसलो. कोण हा बावळट? मिलमध्ये मी कापडाचे ताके तपासतो, कुठे धागा सुटलाय ते चार हातांवरून दिसतं मला. या माणसाला स्वतःचं घर दिसत नाही. नूतनला मोठ्याने वाचून दाखवलं. ती म्हणाली, हो ना, आणि साडीत मान घातली.

२९ जून
नूतन डबा घेऊन सोबत आली होती. मॅडमनी एक्केचाळिसावा फॉर्म दोनदा वाचला, मग तिच्याकडे बघून विचारलं, "बेन, आ तमे?" हे तुम्हीच का, म्हणून. नूतन हो म्हणाली.
मी पंख्याकडे बघत राहिलो. पंखा बंद होता.
मॅडम म्हणाल्या, बाण उलटा करा, स्वतंत्र चल आणि अवलंबी चल यांची अदलाबदल करा, उद्या द्या, मी सही करते. म्हणजे रजिस्ट्रेशन वाचणार. आनंद व्हायला हवा होता. वाईट वाटलं, खोटं कशाला लिहू. येताना रिक्षात भगवानभाईचे ते सगळे गुण आठवत होते. अर्धा तास. आणि ही तेव्हा मान डोलावत बसली होती.

३० जून, सकाळी ११
आराखडा दिला. बाण उलटा आहे. सही झाली.
निघताना नूतनला सांगितलं होतं, सही झाली तरी आता यात माझं मन नाही, सोडून देतो. ती टिकी लावत होती. वर न बघता म्हणाली, बरोबर आहे, सोडाच. तुमच्यासारख्याला पीएचडी जमायची नाही, हे मी सहा वर्षांपूर्वी नाव नोंदवतानाच म्हटलं होतं.
हे ऐकून मला असा संताप आला. म्हटलं, जमत कसं नाही, उद्यापासून पाचला उठतो, रोज चार पानं. अर्धा तास तिला संशोधनाचं महत्त्व समजावलं. शेवटी पटलं तिला.

११.१०
वरचा परिच्छेद पुन्हा वाचला.

११.२५
गजर पाचचा लावला आहे.