गोदाचा प्रश्न

॥ श्री ॥

बुरोंडी, तालुका दापोली
ता. १४ नोव्हेंबर १९२९

तीर्थरूप दादांच्या पायांशी धाकट्या कमळाचा शिरसाष्टांग नमस्कार, वि. वि.

आम्ही दोघी बऱ्या आहोत. दादा, हे पत्र हातात पडलं की आधी उत्तर लिहा, मग जेवायला बसा. आपली गोदा बोलली!

वैशाखात हिच्या वडिलांचा मचवा बुडाला, तेव्हापासून पोरीच्या तोंडून शब्द नव्हता. सहा वर्षांचं लेकरू, आम्ही तिला एवढंच सांगितलं होतं की बाबा गोव्याला गेलेत, येतील. दापोलीच्या डॉक्टरांनी घसा पाहिला, म्हणाले, घशाला काही झालेलं नाही. शेजारच्या येसूबाईंनी अंगारा लावला. एकदा मी चिडून तिला मारलंसुद्धा. ते आठवलं की अजून माझी मलाच लाज वाटते. ती आपली दिवसभर मागीलदारी कोंबड्यांपाशी बसून असायची.

काल कोंबड्यांना पेजेच्या तळाचा भात घातला. तांबडी कोंबडी खाऊन झाल्यावर पायरीच्या चिऱ्यापाशी गेली आणि चोच एकदा या अंगानं, एकदा त्या अंगानं घासू लागली. तर माझ्या पाठीमागून आवाज, आई, ही तोंड का पुसते? माझ्या हातातलं भांडंच पडलं.

मी म्हटलं, मुंबईचा मामा मोठ्या बागेत माळी आहे, त्याला पाखरांचं सगळं कळतं, त्याला विचारू. तेव्हापासून पुन्हा गप्प आहे, पण आज पोस्टमन दिसला तशी उठून उभी राहिली. दादा, हा धागा तुटू देऊ नका.

वहिनींना नमस्कार. माया आहेच, ती अशीच राहू द्यावी.

आपली,
कमळा

॥ श्री ॥

मुंबई
ता. २३ नोव्हेंबर १९२९

चिरंजीव कमळा हिस सखारामचे अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र तीनदा वाचलं. पण बये, मला गुलाबाची कलमं कळतात, पाखरांचं कुणी सांगितलं तुला? आमच्या केरूमामांना विचारलं. ते या बागेत तीस वर्षं आहेत. म्हणाले, पाखरं स्वच्छ असतात, तुझ्यासारखी धोतराला हात पुसत नाहीत. एवढं बोलून हसत बसले. मग मीच आठवडाभर झारी हातात घेऊन पाहत राहिलो. गोदाला हे वाचून दाखव.

बुलबुलानं पिकली पपई खाल्ली आणि लगेच फांदीवर दोन्ही बाजूंनी चोच पुसली. शिंजीर जास्वंदीतला मध पिऊन तेच करतो, कावळा मासळीचा तुकडा खाऊन तेच करतो. त्यांना हात नाहीत, पंचा नाही. चिकटलेलं खरकटं फांदीवर नाहीतर दगडावरच पुसायचं. ही बाग ज्यांच्या बंगल्याची, त्या शेठना विचारायचं धाडस केलं. त्यांनी कपाटातून पुस्तक काढलं आणि सांगितलं की चोच आपल्या नखांसारखी वाढत असते, खरखरीत जागेवर घासून ती झिजते आणि नीट आकारात राहते. तुमचा चिरा त्याला उत्तमच.

पण एक साळुंकी पाहिली. काही खाल्लेलं नव्हतं. दुसरी साळुंकी शेजारी येऊन बसली, तर ही उगाच चोच घासू लागली. ते का, हे शेठना सांगता येईना, मलाही येईना. गोदाला तसंच सांग, मामाला ठाऊक नाही. जोडून काही सांगू नकोस, पोर हुशार आहे, ओळखेल.

तब्येतीला जप. तुझ्या पत्राकडे डोळे लागले आहेत.

तुझा,
सखाराम

॥ श्री ॥

बुरोंडी
ता. १० डिसेंबर १९२९

तीर्थरूप दादांना कमळाचा शिरसाष्टांग नमस्कार, वि. वि.

तुमचे उपकार कसे फेडू? पत्र वाचून दाखवलं, ती मान खाली घालून ऐकत होती. मग म्हणाली, आपण पाहू या. एक दिवस कोंबड्यांना सुक्या कण्या घातल्या, एक दिवस चिकट भात. भाताच्या दिवशी चिऱ्यावर नुसती रांग लागली! ते सांगायला येसूबाईंकडे धावली. येसूबाई पदर तोंडाला लावून रडल्या. आता विचारते, पिल्लंसुद्धा चोच पुसतात, त्यांना कुणी शिकवलं? याचंही उत्तर द्या.

दादा, मंगळवारी तिनं दुसरंच विचारलं. मी मासे साफ करत होते. म्हणाली, बाबांना पोहता येत होतं, मग ते का आले नाहीत? गोव्याचं माझ्या ओठांवर आलं होतं. पण तुम्ही एवढे मोठे, आणि मामाला ठाऊक नाही असं लिहून पाठवलंत, तेव्हा ती तुमच्यावर रागावली नव्हती. उलट तिला ते आवडलं होतं. मी विळी बाजूला ठेवली. म्हटलं, चांगलं पोहता येत होतं, बाय. दर्या फार खवळला होता. तिथं काय झालं ते मला ठाऊक नाही. पण बाबा आता येणार नाहीत.

ती म्हणाली, मला माहीत होतं, तू रडायचीस ना. मग आम्ही दोघी खूप रडलो. किती महिन्यांनी मी मोकळी रडले. रात्री तिनं दोनदा भात मागून घेतला.

देवानं तुमच्यासारखा भाऊ दिला, अजून काय मागू?

आपली,
कमळा

॥ श्री ॥

मुंबई
ता. १९ डिसेंबर १९२९

चिरंजीव कमळा हिस अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं. केरूमामांना वाचून दाखवायला घेतलं, पण पुरं वाचता आलं नाही, ते त्यांनी माझ्या हातातून घेऊन वाचलं.

तू माझे उपकार लिहितेस. कमळा, तुला आठवत नसेल, तू तेव्हा भानावर नव्हतीस. वैशाखात तुझ्याकडे आलो तेव्हा, पोरीला काही कळू देऊ नका, गोव्याला गेलेत म्हणून सांगा, हे मीच सगळ्यांना बजावलं होतं. चांगलं करतो आहे असं वाटलं होतं. सहा महिने मनात हेच होतं की लेकराचा आवाज मी घालवला. हे तुला सांगायची छाती झाली नाही.

माझं बोलणं तू मोडलंस. मोठा भाऊ असून तुझ्या पाया पडावंसं वाटतं.

माघात पंधरा दिवसांची रजा मिळते आहे. दाभोळपर्यंत आगबोटीनं येईन. पिल्लांना कोण शिकवतं ते मला ठाऊक नाही, गोदाला सांग, आपण दोघं मागीलदारी बसून पाहू.

तुझा,
सखाराम