एका बॅरलात किती लिटर

महाराजपुर, जबलपूर
मंगळवार

तीर्थरूप बंडूदादास धाकट्या सरोजिनीचा वाकून नमस्कार. तुझे गुडघे चालून राहिले ना? हर्षावहिनीची शुगर कशी आहे? इकडे आम्ही तिघंही धडधाकट आहोत, बाकी पुढे वाच. फोन काहून नाही केला म्हणशील, तर फोनवर तू मधे मधे बोलतोस. कागदावर तुला गप्प बसावंच लागते.

दुर्वासाठी तू स्थळ पाठवलंस. समुद्रात तेल काढतात त्या रिगवर नोकरी, अठ्ठावीस दिवस पाण्यावर, अठ्ठावीस दिवस घरी. चांगलंच होतं. पण मागच्या वेळी ते बँकवाले आले होते ना, ते बाप-लेक आपसात कामाचं इंग्रजी झाडत राहिले आणि मी चौथी पास बाई नुसती मान हलवत बसली. या वेळी म्हटलं, चलो, आपणही शिकू. दुर्वाने मोबाईलमधून तेलाच्या धंद्यातले नेहमीचे बत्तीस शब्द काढून मराठीत लिहून दिले. ते मी गॅसच्या वर टाइल्सवर चिकटवले आणि आठ दिवस पोळ्या लाटता लाटता पाठ केले. क्रूड म्हणजे जमिनीतून निघालेलं कच्चं तेल. अपस्ट्रीम म्हणजे तेल शोधायचं नि वर काढायचं काम, डाउनस्ट्रीम म्हणजे ते गाळून पंपापर्यंत पोचवायचं. मड म्हणजे चिखल, तो विहीर खोदताना आत मुद्दाम सोडतात (मला पटलंच नाही, दुर्वाला दोनदा बघायला लावलं). ब्लोआउट म्हणजे विहिरीतलं तेल-गॅस आवरेनासं होऊन वर उसळते. आमच्या ह्यांनाही जेवताना विचारत होती, पण त्यांना बत्तीसातले दोनच आले. (तोफखान्याच्या फॅक्टरीत पस्तीस वर्षं काय केलं, नर्मदामाईला माहीत.)

रविवारी पाहुणे आले. मुलगा सुमेध, वडील गुणवंतराव आणि आई शैलजाबाई. बाईंनी बसल्या बसल्या दुर्वाला धरलं, पुरणपोळी येते का, भरीत येते का, वडे येतात का. दादा, आपल्या दुर्वाला चहासुद्धा दर वेळी नवा येतो. पोरीचं तोंड एवढंसं झालं. मला राहवलं नाही. म्हटलं, प्रश्न एकाच बाजूने काहून? मी पदर खोचला आणि मुलाला विचारलं, एका बॅरलात किती लिटर? तो म्हणे, दोनशे असतील. असतील! एकशे एकोणसाठ, दादा. दोनशेचा तो लोखंडी ड्रम. मड विचारलं तर आईकडे पाहे. अपस्ट्रीम कोरं, डाउनस्ट्रीम कोरं. मग मी सरळच म्हटलं, हा पोरगा खरंच रिगवर जातो का घरी सांगून दुसरीकडेच कुठं राहतो?

गुणवंतरावांचा चहा ठसक्यात गेला. पोरगा मात्र शांतपणे म्हणाला, "मावशी, मी तिथं स्वयंपाकी आहे. एकशे वीस माणसांचं चार वेळचं खाणं. विहिरीजवळ मला कोणी फिरकू पण देत नाही." (तू कळवलं होतंस, मुलगा रिगवर मोठ्या जबाबदारीच्या जागी आहे. तुझं मी नंतर बघते.)

तेवढ्यात आतून करपल्याचा वास. परीक्षा घ्यायच्या नादात पोहे गॅसवर तसेच राहिले होते. मी उठायच्या आत सुमेध आत गेला. डबा शोधला, नवे पोहे भिजवले, कढीपत्ता मागून घेतला, आणि दुर्वा जन्मात पहिल्यांदा कोणाच्या शेजारी उभी राहून कांदा चिरून राहिली. वरून हसून राहिली! दहा मिनिटांत प्लेटा बाहेर. आमच्या ह्यांनी तीनदा घेतले. आता इथं मी गप्प बसायला पाहिजे होतं. पण मी म्हटलं, आम्हाला वाटलं होतं इंजिनियर येईल, आचारी नाही. शैलजाबाईंनी प्लेट अर्धी ठेवली, पर्स उचलली आणि निघाल्या. दुपारी सगळ्यांनी नर्मदेच्या ग्वारीघाटावर जायचं ठरलं होतं, तेही राहिलं.

तर हे स्थळ मोडलं असं समज. जे बोलली त्याचा मला काही पस्तावा नाही. वहिनीला नमस्कार सांग.

तुझी
सरोजिनी

ता. क. – पस्तावा थोडा आहे. पत्र दोन दिवस पोस्टात टाकलं नाही, कारण दुर्वा माझ्याशी बोलून नाही राहिली. लग्न करीन तर सुमेधशीच, एवढं एक वाक्य बापाला सांगितलं. मीही विचार केला, इंजिनियर जावई घरी येऊन आयतं जेवणार, हा अठ्ठावीस दिवस दुर्वाला खाऊ घालणार. तू शैलजाबाईंकडे जाऊन माझ्या वतीने माफी माग. माझी माफी सुरू बरी होते, पण भांडणावर संपते.

ता. क. दुसरा – माफी राहू दे. आत्ताच त्यांचा फोन आला. सुमेध समुद्रावरून परतला की पुढच्या महिन्यात परत येतात, तोही दुर्वासाठीच अडून बसला म्हणे. पण अट आहे. या वेळी प्रश्न शैलजाबाई विचारणार, आणि दुर्वाला नाही, मला. सगळे स्वयंपाकाचे. दादा, तू वहिनीला हळदीकुंकवाच्या नावाने त्यांच्याकडे पाठव आणि पेपर फोडून आण. दुर्वा म्हणते, आई, तू नापास झालीस तरी चालेल, फक्त त्यांना उलटा प्रश्न विचारू नको. आता ते माझ्याच्यानं होणार आहे का? म्हणून म्हणते, पेपर आण.