यांच्या नावाचा नळ

९ एप्रिल २०२५
गावच्या तलावावर पुन्हा हिरवा थर! रंगाचा डबा सांडल्यासारखा. आणि तेच पाणी पंचायत घरोघर सोडते. पाणी सोडणारा जयराम म्हणतो, "शेवाळ हाय काकू, मासे खात्यात. तुम्हाला काय व्हतंय?" काय होतंय! हे लिव्हरने गेले. दारूला कधी शिवले नव्हते. मग कशाने? सरपंच म्हणे, "वहिनी, दुःखात माणूस कशाचाही संबंध कशाशीही लावतं." दुःखात! स्वतःच्या खुर्चीखाली थर साचलाय तो नाही दिसत.

१२ एप्रिल
आमच्या शेततळ्याच्या नळावर आता निम्मी आळी येते. द्राक्षांसाठी यांनीच उन्हात उभं राहून खोदून घेतलेलं तळं. वर्षश्राद्धाला जेवणावळ घातली नाही, नळ बसवला, वर यांचं नाव रंगवलं. भावकी अजून फुगलेली आहे. फुगू दे. सकाळी आळीतली चिमणाबाई घागर लावून म्हणते, "जित्तेपणी पाणी मागितलं तर म्हनायचे, द्राक्षालाच पुरत नाय. मेल्यावर लय दिलदार झाले गं भावजी!" मी हसले. मग आत जाऊन रडले.
तिच्या सुनेला सातवा लागलाय. तिला हेच पाणी देते म्हणाली.

१९ एप्रिल
असं पाणी तपासतात हे पेपरात वाचून मीच फोन केला होता—नाशिकच्या कॉलेजात संशोधन करणारी हर्षाली आज आली. तलावातून बाटल्या भरल्या. म्हणाली, हे साधं शेवाळ नाही, जिवाणू आहेत. एकाच जातीचे, पण काहींच्या जनुकांत विष बनवायची सोय असते, काहींच्यात नसते. "सख्ख्या बहिणींसारखे दिसतात, मावशी. सूक्ष्मदर्शकाखालीसुद्धा ओळखू येत नाहीत." जनुकंच तपासावी लागतात.
चिमणाबाई म्हणाली, "आमी उकळून पितो की!"
"उकळून हे विष जात नाही."

जाताना तुलनेसाठी आमच्या शेततळ्याची बाटली मागितली. कडेला जरा हिरवट होतंच. म्हटलं, घे की बाई! आम्हाला कसली भीती?

३ मे
फोन नाही. जयराम रस्त्यात थांबवून विचारतो, "काकू, आलं का तुमचं इष?" येऊ दे. ग्रामसभेत सरपंचाच्या तोंडावर मारते.

१५ मे
हर्षालीचा फोन. तलावातल्या थरात विषाचं जनुक सापडलं नाही. मी ओरडलेच—नीट बघितलंस का? कुणाचा फोन आला होता तुला?
ती म्हणाली, "मावशी, शेततळ्याच्या बाटलीत सापडलं. विषसुद्धा आहे. नळ आत्ताच्या आत्ता बंद करा."
विचारलं, मग हे गेले ते यानेच का? "त्यावरून काही सांगता येणार नाही," म्हणाली.
तलावाचं पाणी हे तोंडात धरत नसत—मचूळ लागतं म्हणायचे. छाटणी करताना तहान लागली की आपल्याच तळ्याकाठी बसायचे. ओंजळीने प्यायचे.

१६ मे
नळ काढला. चिमणाबाई रिकामी घागर घेऊन उभी होती. सगळं सांगितलं. सुनेला घेऊन ती दवाखान्यात गेली. जाताना एवढंच म्हणाली—"नाव बघून भरत होते गं मी."