बाबागाड्यांची जागा

४ नोव्हेंबर, सोमवार

टोवेने आज सही केली — एकदाची! नगरपालिकेच्या आरोग्य विभागाची डॉक्टर ती. दीड वर्ष एकच हेका: रिंगरोडला लागून, गाड्यांच्या धुरात, पाळणाघर नको. पण त्या नव्या वस्तीत दुसरा मोकळा भूखंड नाही. वस्तीचा आराखडा माझ्याकडे; शेवटी मी एका जुन्या आराखड्यावरून गणित मांडलं — खिडक्या बंद, हवा गाळून आत घ्यायची, आणि ‘एक वर्षाखालची मुलं दिवसभर आतच असतात’. मोठी मुलं मागच्या अंगणात, इमारतीच्या आडोशाला. टोवेला मान्य करावंच लागलं.

आरोग्याची उद्दिष्टं यंदा आराखड्याच्या पहिल्याच पानावर आहेत. तीस वर्षं ती शेवटच्या पुरवणीत पडून असायची. मला बरं वाटलं, खोटं कशाला लिहू.

६ नोव्हेंबर

लेकीने, मारेनने, आक्सेलचा फोटो पाठवला, पाळणाघरातला. दुलईतून नुसतं लालबुंद नाक दिसतंय. नातू दहा महिन्यांचा, पण दुपारी दोन तास गाढ झोपतो म्हणे. आईवर गेला नाही!

१२ नोव्हेंबर

हरकती-सूचनांची बैठक. कॉफी, दालचिनीचे रोल, नेहमीची माणसं, नेहमीची पार्किंगची रड. सगळं उरकत आलं तेव्हा लिस्बेट नावाच्या बाईंनी हात वर केला. चाळीस वर्षं पाळणाघरात काढलेल्या. नकाशाजवळ आल्या, चष्मा शोधला. रिंगरोडच्या बाजूच्या छपरावर बोट ठेवून म्हणाल्या, “बाबागाड्या इथे ठेवायच्या ना? मग तान्ही पोरं झोपणार रस्त्यावरच की.”

ते छप्पर नकाशावर मीच आखलंय. अंगणातलं ऊन मोठ्या मुलांना मिळावं म्हणून.

आम्ही सगळेच बाहेर झोपून वाढलो. बर्फ पडू दे, पोराला दुलईत गुंडाळायचं आणि गाडी दाराबाहेर ठेवायची. मारेनला मी असंच निजवलं. टोवेने तिच्या तिघांना. आराखडा तपासणाऱ्या कोपनहेगनच्या सल्लागारांनाही पोरं आहेत. आणि एकाच्याही डोक्यात आलं नाही! इतकं अंगवळणी पडलेलं की ते कागदावर उतरलंच नाही.

१३ नोव्हेंबर

नकाशा गुंडाळून कपाटात ठेवला. भ्याले.

१४ नोव्हेंबर

सकाळीच प्रेबेनच्या खोलीत गेले. आराखडा मागे घ्या म्हटलं. साहेब असला तरी बावीस वर्षांचा मित्र आहे, ओरडला नाही. ओरडला असता तर बरं झालं असतं. सोमवारी सभेत मतदान. दोनशे कुटुंबं घरांसाठी ताटकळलीत, निम्मी बुरशी धरलेल्या खोल्यांत. “तेही आरोग्यच आहे, इंगर,” म्हणाला. खरंच आहे. छप्पर मागे सरकव, झालं, असंही म्हणाला. पण मागे जागा नाही; मोठ्या मुलांना हाकलावं लागेल. आणि सगळा हिशेबच बंद खिडक्यांवर उभा आहे.

टोवेला फोन केला. सगळं सांगितलं. ती म्हणाली, “सही माझीही आहे. मी येते तुझ्याबरोबर.”

१८ नोव्हेंबर

मागे घेतला. सभेत उभं राहून माझी चूक मीच सांगितली. घरं आठ महिने लांबली. दाराशी एक पोटुशी बाई माझ्याकडे बघत होती. पाळणाघराचं आरक्षण आता पार्किंगच्या जागेवर जाईल, रस्त्यापासून लांब. गाडीवाल्यांनी थोडं चालावं.

तरीही आज बऱ्याच दिवसांनी हलकं वाटतंय. वेळेत सापडलं. अजून एक वीटही रचली नव्हती.

१९ नोव्हेंबर

सुधारित आराखडा लिहायला टोवे आली होती. जाता जाता तिने विचारलं, ‘दिवसभर आतच’ हे वाक्य आलं कुठून? म्हटलं, दक्षिणेकडच्या वस्तीच्या आराखड्यातून उचललं. उद्या फाईल काढते.

२० नोव्हेंबर

काढली. सात वर्षांपूर्वीचा आराखडा. तोच रिंगरोड, तेच वाक्य, तेच छप्पर. खाली माझी सही. ते पाळणाघर कधीच बांधून झालंय. आक्सेल ऑगस्टपासून तिथेच झोपतो.