भोपळ्याचे नवदेव

सोमवार, ६ ऑगस्ट २०१८

कालच्या मीटिंगमध्ये झालं ते क्रमाने:

१. महिला सहकारी गृहउद्योग संस्थेच्या अकरा सभासदांपैकी दहा हजर. मी निमंत्रित. मला खुर्ची, त्यांना सतरंजी.
२. तालुक्याचा दूध संघ दिवाळीत पाटोद्याच्या काउंटरवर एक तळलेला गोड पदार्थ ठेवणार. नमुना ५ ऑक्टोबरला. पास झाला तर काउंटर आमच्या गावाचा, नाही तर शेजारच्या गावच्या गटाचा. अट एकच, मुख्य माल सभासदांच्या घरचा हवा.
३. संस्था चार वर्षं एकच वस्तू करते. तांबड्या भोपळ्याचे घारगे.
४. मी विचारलं, शेल्फ लाइफ किती? माझी चुलती चतुराकाकू म्हणाली, "उरलं तर कळंल." सगळ्या हसल्या. हसण्यासारखं काय होतं ते कळलं नाही.
५. मी घारग्यांऐवजी भोपळ्याच्या फुलांचा प्रस्ताव मांडला. मंजूर.
६. नमुना पास झाला तर मी प्रॉडक्शन सुपरवायझर. चेअरमन केसरबाईंनी रजिस्टरला तसं लिहिलं. 'सुपरवायझर' मी लिहून दिलं.

पुण्यातल्या बिस्किट कंपनीने माझा करार वाढवला नाही. मीही वाढवणार नव्हते. त्यांनी आधी सांगितलं, एवढंच. गावाला फूड टेक्नॉलॉजिस्टची गरज होती म्हणून आले. गावाला ते अजून माहीत नाही.

मंगळवार, ७ ऑगस्ट

पाऊस नाही, चोविसावा दिवस. टँकर तीन दिवसांआड. अकराही घरांचे वेल मोरीच्या पाण्यावर जगतात. लोक वेलीसाठी आंघोळ करतात की आंघोळीसाठी वेल लावतात, सांगणं कठीण.

निरीक्षण: बारा नर फुलांमागे एक मादी फूल. मादी फुलाच्या खाली मण्याएवढं फळ असतं, नराखाली नुसता देठ. नराला भोपळा लागत नाही. म्हणजे तेरांतली बारा फुलं संस्था चार वर्षं वाया घालवतेय. सहकारात हे कुणी मोजलं नाही.

पदार्थ: नर फूल, आत खवा आणि गूळ, वरून तांदळाच्या पिठीचं आवरण, तेल १७५ अंश. नाव 'पुष्पिका'. वडील म्हणाले, "फुलाची भजी का?" मी फरक समजावून सांगितला. ते म्हणाले, "मंग गोड भजी." आणि शेळ्या घेऊन गेले.

गुरुवार, ९ ऑगस्ट, सकाळी ६.१०

आमच्या वेलीवरची एकूण एक नर फुलं काढली. वीस. काकू कुडापलीकडून बघत होती. म्हणाली, "तायडे, येलामागं दोन नवदेव ठिव गं. समदे तळलेस तर नवऱ्या काय कुवाऱ्याच बसतेल?"

नवदेव म्हणजे नर फूल. इथल्या बायका पहिल्या पावसापासून हेच करतात. फुलं भाजीला तोडायची, पण प्रत्येक वेलीवर दोन ठेवायची आणि हळदीचं बोट लावायचं. भोपळ्याचंही लग्न लावतात. दुसरा विषय नाही.

परागीकरण मला माहीत आहे. बारावीला बायोलॉजीत ९१. मधमाशी दोन-तीन किलोमीटर हिंडते. पराग दुसऱ्याच्या वेलीवरून आणते. आमच्या अंगणातले वीस नर त्यात नगण्य.

काकूला हे सांगितलं. ती म्हणाली, "दुसऱ्याच्या म्हंजे कुणाच्या?" उत्तर दिलं नाही. प्रश्न तांत्रिक नव्हता.

रविवार, १२ ऑगस्ट

ट्रायल १. फुलं वीस. सात कढईत फुटली. सहांनी तेल प्यायलं. चार शेळीने खाल्ली. तीन उरली, त्यांचे फोटो काढले.

कारणं: टँकरच्या पाण्यात क्षार, मीटरवर १,१८०. खवा ओलसर. थर्मामीटरवर १७५ होतं. तेलाला ते मान्य नव्हतं. काकू कुडावरून ओरडली, "पिठाचा ठिपका टाकून बघ की. वर आला की तेल झालं." चार वर्षं शिकून मी ठिपका टाकणार नाही.

वडील म्हणाले, शेळीला आवडलं. शेळीचं मत ग्राह्य धरता येत नाही.

उद्यापासून रोज पाच वाजता उठणार.

मंगळवार, १४ ऑगस्ट

साडेसातला उठले. फुलं मिटली होती. मिटलेली फुलं भरता येत नाहीत. ही फुलाची मर्यादा आहे.

रविवार, १९ ऑगस्ट

ट्रायल ४. चवचाचणी शास्त्रशुद्ध घेतली. प्रत्येकीला एक पुष्पिका आणि एक ते नऊ गुणांचा कागद. सभासद साखराबाईने विचारलं, "पास व्हायला किती लागतेत?" मी म्हटलं, पास-नापास नसतं, मोकळेपणाने द्या. तिने खायच्या आधीच नऊ दिले. "लेकरानं एवढी म्हेनत केलीय," म्हणाली. बाकीच्यांनी तिच्या कागदात बघून नऊ दिले. काकू आली नव्हती.

सरासरी ९.०. एवढा एकमुखी निकाल मी कुठल्याही शोधनिबंधात पाहिलेला नाही.

ताटात अर्ध्या खाल्लेल्या सात पुष्पिका राहिल्या. पोट भरलं असेल.

शुक्रवार, २४ ऑगस्ट

नमुन्याला सराव हवा, सरावाला फुलं हवीत. आता रोज सकाळी दहा घरांतून नर फुलं गोळा होतात. नियम लेखी दिला: एकही ठेवायचं नाही. मादी फुलाला हात लावायचा नाही. बायकांना नियम कळतो, कारण कळत नाही, ते बरंच आहे.

अकरावं घर काकूचं. ती वेलीजवळ दगडावर बसून राहते, हातात शेळ्या हाकायची काठी. मी टोपली घेऊन गेले तर म्हणाली, "सहा घे. बाकीच्यांची हळद झालीय." सहा घेतली नाहीत. तत्त्वाचा प्रश्न आहे.

वरून माझ्या नावावर आली. म्हणे, "वर्षाराणी नाव ठिवलं तवापसून ह्या गावात धड पाऊस न्हाई." दुष्काळ ७२ सालीही होता. सांगितलं नाही.

रविवार, २६ ऑगस्ट

मीटिंग. मी ठराव लिहून नेला: 'असहकार केल्याबद्दल सभासद चतुराबाई यांचे सभासदत्व रद्द करावे.' केसरबाई म्हणाल्या, "घरातल्या घरात भांडण कावून वाढवती गं?" मी म्हटलं, संस्थेत घर नसतं. सगळ्या गप्प बसल्या. म्हणजे एकमत. केसरबाईंनी पेन बराच वेळ हातात धरलं, मग सही केली.

काकू उठली, पदर झटकला, म्हणाली, "काढा की. येल तर समद्यांचे माझ्याच बियाचे हायेत." आणि गेली. ठरावाशी संबंध नसलेलं विधान. नोंदीत घेतलं नाही.

रविवार, ९ सप्टेंबर, पोळा

सणाच्या दिवशी साखराबाई दारात. तळहातावर अंगठ्याएवढी चार पिवळी फळं. "म्याडम, कावून गळतेत गं? मण्याएवढी होतेत, पिवळी पडतेत, गळतेत. माझ्याच न्हाई, समद्यांच्याच."

निदान: उष्णतेचा ताण. उपाय: प्रत्येक वेलीला रोज एक तांब्या पाणी जास्त.

ती म्हणाली, "मोरीचं तर समदं जातंच. प्यायच्या हंड्यातलं घालू?" मी म्हटलं, आठ दिवसांचा प्रश्न आहे.

गुरुवार, २० सप्टेंबर

दहा घरांत मिळून भोपळे: शून्य. साखराबाई अजून हंड्यातलं पाणी घालतेय. तिचा विश्वास आहे. विश्वास ही चांगली गोष्ट आहे, पण तो असा रोज दारात येऊन उभा राहू नये.

काकूच्या वेलीवर सात भोपळे, चार-चार किलोचे. तिची जमीन वेगळी असणार. मधे फक्त कूड आहे, पण असणार. तिचं पाणी मोजलं: दोन बादल्या. आमचं तीन. आकडा विसंगत, म्हणून वगळला. मधमाश्या: तिच्याकडे नऊ, आमच्याकडे एकही नाही. माश्यांनाही आता वशिला लागतो.

भोपळे नाहीत याने बिघडत नाही. नमुना फुलांचा आहे. मात्र वेल वाळतायत. आज दहा घरांतून फुलं चौदा. केसरबाईंच्या फ्रीजरमध्ये साठ ठेवलीयत.

बुधवार, ३ ऑक्टोबर

लाइट दोन दिवस नव्हती. फ्रीजरमधली फुलं काळी पडली. केसरबाई म्हणाल्या, सडक्या पालेभाजीसारखा वास येतोय. अतिशयोक्ती.

शुक्रवार, ५ ऑक्टोबर, पाटोदा

पहाटे सगळ्या वेली धुंडाळून अकरा फुलं मिळाली. घरीच तळली, डब्यात भरली. केसरबाई, साखराबाई आणि मी, जीपमध्ये दीड तास. डबा उघडला तेव्हा पुष्पिका आतल्या वाफेने एकमेकींना चिकटल्या होत्या. एक सोडवून संघाच्या बंकटरावांपुढे ठेवली. त्यांनी ती दोन्ही बाजूंनी पाहिली. म्हणाले, "म्याडम, हे गोड भजं हाय का वल्ला पेढा?" चावले. मग रुमाल काढला.

मी चवचाचणीचा कागद दाखवला. सरासरी ९.०. ते म्हणाले, "कुणी दिलेत हे? नातेवाईक हायेत का?"

तेवढ्यात साखराबाईने भूक लागली म्हणून फडकं सोडलं. आत घारगे. बंकटरावांनी न विचारता एक उचलला, उभ्याउभ्याच खाल्ला, मग खुर्ची ओढली आणि आणखी तीन खाल्ले. "हे कुणाचे?"

साखराबाई म्हणाली, "चतुराबाईनं दिलेत. वाटंत खायला."

घारगे पास झाले. २ ते ७ नोव्हेंबर, रोज शंभर. बाहेरचा भोपळा चालणार नाही. तो पाणचट असतो, घारगा तेलात फाटतो. आणि अट तर आहेच.

 परतताना जीप पाटोद्याच्या बाहेर आल्यावर केसरबाई मागे वळून म्हणाल्या, "काउंटर मिळाला, म्याडम. भोपळे कुठं हायेत?"

साखराबाई खिडकीबाहेर बघत होती. अख्ख्या वाटेत तिने माझ्याकडे पाहिलं नाही. पंधरा-वीस दिवस प्यायचं पाणी.

शनिवार, ६ ऑक्टोबर

बारावीचं बायोलॉजीचं पुस्तक ट्रंकेतून काढलं. पराग नसेल तर फळ धरत नाही, कळी पिवळी होऊन गळते. ओळीखाली माझ्याच हाताने पेन्सिलची रेघ आहे. पराग आणायला दुसऱ्याचा वेल हवा, आणि दुसऱ्यांचे सगळे नर माझ्या टोपलीत होते. नवदेव हा शब्द पुस्तकात नाही. बाकी तेच लिहिलंय.

तत्त्व बरोबर होतं. प्रमाण चुकलं. प्रमाण शंभर टक्के होतं.

हिशेब: किलोला पंचवीस घारगे. सहाशे घारग्यांना चोवीस किलो. काकूच्या सातांतला एक वाटेतल्या घारग्यांत गेला; उरलेले सहा भोपळे म्हणजे चोवीस किलो, बरोबर तेवढेच. पण ती सभासद नाही. ठराव माझ्या अक्षरात आहे. केसरबाईंना विचारलं, तुम्ही जाऊन बोलाल का? त्या म्हणाल्या, "संस्थेत घर नसतं म्हणलीस ना? मंग संस्थेचं पत्र घेऊन जा."

म्हणून पत्र. 'तांत्रिक गैरसमजातून' लिहिलं होतं, खोडलं. 'आपणही तेव्हा स्पष्ट सांगायला हवे होते' खोडलं; तिने सांगितलं होतं, दोनदा. काकूला वाचता येत नाही. दारात उभं राहून मलाच वाचून दाखवावं लागेल. कच्चा मजकूर:

ती. चतुराकाकू यांस,
सा. न.

तुमचे सभासदत्व रद्द करण्याचा ठराव मी लिहिला होता. तो मागे घ्यावा असे दुसरे पत्र मी केसरबाईंना दिले आहे. दहा घरांचे नवदेव मी तोडले, म्हणून दहा घरांत भोपळा नाही. सुपरवायझर तुम्ही व्हावे. भोपळे मी किसून देईन. तेल झाले की नाही ते तुम्ही ठिपका टाकून बघावे. पुढच्या वर्षासाठी दहाही घरांना बी द्यावे, आणि साखराबाईंना सगळ्यांत आधी.

सहा भोपळे संस्थेला देणार की नाही, ते कृपया बुधवार, १० ऑक्टोबर, सकाळी नऊपर्यंत कळवावे.